रिकाम्या घराखालची कमान

ऑस्ट्रेलियात गाडीमागे ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनमध्ये, ती चालू असताना, माणसानं बसायचं नाही असा कायदा आहे. घर मागून येतं आणि घरातली माणसं पुढच्या गाडीत काचा लावून बसतात. मागे पलंग आहे, ओटा आहे, फळीवर मिसळणाचा डबा आहे. पण या घराला बसणारा दणका ज्याच्या हाडांना कळेल असं कुणी आत नाही. बैलगाडी हाकणाऱ्याला चाक खड्ड्यात गेलेलं कमरेत कळतं. टांगेवाल्याला कमान कुरकुरली की कानात कळतं. कॅरव्हॅन ओढणाऱ्याला काहीच कळत नाही. सस्पेन्शन म्हटलं की मला आता सगळ्यात आधी हेच आठवतं.

आमची कॅरव्हॅन अठरा फुटी, दोन एक्सलची, ॲडलेडमध्ये जुनी घेतलेली. रिकामं वजन १,९०० किलो. पाणी, गॅस, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण धरून कमाल मर्यादा २,५०० किलो. नवरा निवृत्त झाला, माझ्या हॉस्पिटलातल्या रात्रपाळ्या संपल्या, आणि ज्या देशात इतकी वर्षं राहिलो त्याचा आतला मुलूख आपण पाहिलेलाच नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं. विकणाऱ्यानं गाडी दाखवताना खाली वाकून अभिमानानं सांगितलं होतं की सहा पाट्यांच्या कमानीत त्यानं प्रत्येकी सातवा पाटा घालून घेतलाय. आता कुठल्याही रस्त्यावर न्या. नवऱ्याला ते ऐकून बरं वाटलं. मलाही वाटलं. खरं तर मी तिथे थांबून दोन प्रश्न विचारायला हवे होते, कारण माझं अर्धं बालपण पाट्यांच्या ढिगाऱ्यावर बसून गेलं आहे.

कराडला हायवेच्या कडेला माझ्या मामांचं कमानपाट्यांचं दुकान होतं. पुणे-बंगळूर रस्त्यावरचे ट्रक आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथेच असायची. ट्रकखालून कमान उतरवायची, शिकंज्यात दाबून धरून सेंटर बोल्ट काढायचा, आणि शिकंजा हळूहळू सोडला की पाटे एकमेकांपासून सुटे व्हायचे. सगळ्यात लांब मेन पाटा, दोन्ही टोकं गोल वळवून डोळे केलेले. त्याच्याखाली उतरत्या लांबीचे बाकीचे. बसून सपाट झालेला पाटा भट्टीत लाल करायचा, घणाखाली पुन्हा बाक द्यायचा, तेलात बुडवून पाणी द्यायचं. तापलेलं पोलाद तेलात शिरताना धुराचा जो लोट उठायचा त्याचा वास मामांच्या सदऱ्याला रविवारीसुद्धा असायचा. तुटलेला पाटा भंगारात गेलेला मी कधी पाहिला नाही. आसपासच्या गावांतले लोहार तो घेऊन जायचे आणि त्याचे ऊसतोडीचे कोयते व्हायचे. चांगलं स्प्रिंगचं पोलाद. ते वाया घालवणं तिथे कुणाला सुचलंही नसतं.

ट्रकवाले यायचे आणि उतरण्याआधीच म्हणायचे, "एक पाटा वाढवा." मामा विचारायचे, "माल किती भरतोस? जाताना भरून, येताना मोकळा, का दोन्ही बाजूंनी भरून?" मग मला, हातात पाना धरून उभ्या असलेल्या भाचीला, सांगायचे, "पाटा वाढीवला म्हंजे नुसती ताकद वाढत न्हाई, ताठा बी वाढतो. मोकळी गाडी मग उड्या मारती. आन् उडी मारली की पाटा न्हाई, दुसरंच कायतरी मोडतं." ते वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं. ॲडलेडमधल्या त्या अंगणात ते मला आठवलं नाही.

आम्ही २०१९च्या जुलैत उत्तरेकडे निघालो. मारीपासून मार्लापर्यंत जाणारा ऊडनाडाटा ट्रॅक सव्वासहाशे किलोमीटरच्या आतबाहेरचा, कच्चा, जुन्या घान रेल्वेच्या बाजूबाजूनं जाणारा. ती रेल्वे १९८० मध्ये या मार्गावरून बंद झाली. रूळ गेले, पूल आणि दगडी इमारती उरल्या. रेल्वेच्या आधी या वाटेवर उंटांचे तांडे चालत. १८६६ मध्ये टॉमस एल्डर यांनी कराचीहून शंभरावर उंट आणि ते हाकणारी माणसं आणवली आणि पोर्ट ऑगस्टाला उतरवली. त्या आणि नंतर आलेल्या उंटवाल्यांना सरसकट अफगाण म्हटलं गेलं, मग ते बलुची असोत की पंजाबी, आणि रेल्वेचं नावही त्यावरूनच पडलं. मारीत त्यांच्या मशिदीची मातीची प्रतिकृती उभी आहे. तिच्यासमोर उभं राहून मी उंटाच्या पायाचा विचार करत होते. पसरट, मऊ, वजन पडलं की रुंदावणारा तळवा. त्या पावलांखाली हा रस्ता असा कधी झाला नसेल.

असा म्हणजे पन्हळी पत्र्यासारखा. आडव्या वरंब्यांच्या रांगा, एकामागे एक, क्षितिजापर्यंत. मला आधी वाटायचं की या वरंब्यांना माती किंवा पाऊस कारण असेल. कारण चाकच आहे. किथ मॅथर या शास्त्रज्ञानं वाळूच्या गोल रिंगणात एक छोटं चाक फिरवून हे तपासलं आणि १९६३ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यावर लिहिलं. २००७ मध्ये ताबर्ले, मॉरिस आणि मॅकेलवेन या तिघांनी तसाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दिसलं की चाकाला स्प्रिंग नसली तरी पन्हळी उठतात. वेगानं एक मर्यादा ओलांडली की पुरे. चाक बारीकशा उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथे खळगा करतं, आणि मागून येणारं प्रत्येक चाक तोच खळगा खोल करत जातं. रस्ता आपणच नांगरतो आणि आपणच त्यावर हाडं मोडून घेतो. पाऊण मीटरला एक वरंबा धरला तर साठ किलोमीटरच्या वाटेत ऐंशी हजार वरंबे. साठच्या वेगानं ते एका तासात पार होतात, म्हणजे सेकंदाला बावीस.

पुढच्या गाडीत एक गुणगुण ऐकू येत होती, एवढंच. त्या वेगाला गाडी वरंब्यांच्या माथ्यामाथ्यावरून तरंगत जाते आणि आतल्या माणसाला रस्ता सुधारल्यासारखा वाटतो.

पहिल्या थांब्यावर मी मागचं दार उघडलं. फरशीवर स्क्रू पडले होते. मी मोजले, अकरा. वरच्या कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं. मिसळणाच्या डब्याचं झाकण घट्ट होतं तरी आतल्या वाट्यांनी आपापली जागा सोडली होती आणि हळद, तिखट, मोहरी यांचा एकच लगदा झाला होता. मी सकाळी निघताना बरणीत विरजण लावते, गेली कित्येक वर्षं; चालत्या गाडीत ऊब असते, संध्याकाळपर्यंत दही लागतं. त्या दिवशी बरणीत वर पिवळसर पाणी आणि खाली बारीक कण होते. ताक म्हणावं तर ते ताकही नव्हतं. आम्ही रस्त्याला बोल लावला, कपाट दोरीनं बांधलं आणि पुढे निघालो. दही मला काय सांगत होतं ते मला वाचता आलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

कॉवर्ड स्प्रिंग्सला मुक्काम केला. जमिनीतून वर येणारं कोमट पाणी, जुनी खजुराची झाडं, सभोवती शेकडो मैल कोरडं. शेजारच्या तंबूतला एक म्हातारा शेतकरी सकाळी चहाचा कप घेऊन आमच्या कॅरव्हॅनभोवती फिरला आणि म्हणाला, तुमचं घर एका खांद्यावर झुकलंय. मी टॉर्च घेऊन खाली शिरले. चाकाच्या वरची मोकळी जागा बोटांनी मोजली: उजव्या मागच्या चाकावर चार बोटं, बाकी तिन्हींवर सहा-सहा. मग कमानीवरचा लाल धुरळा रुमालानं पुसला, एकेक पाटा वरून खाली. वरून दुसरा पाटा, अगदी मधोमध, यू-बोल्टांच्या जवळ, तुटला होता.

फट नखाएवढी होती. टॉर्च तिरका धरला की तिची धार चमकायची. नंतर तो पाटा काढून हातात घेतला तेव्हा तुटलेली बाजू नीट पाहता आली आणि ती मी कधी विसरणार नाही. तिच्यावर दोन रंग होते. सेंटर बोल्टच्या भोकाच्या कडेपासून सुरू झालेला, अर्ध्या चंद्रासारखा एक काळपट तांबूस भाग, त्यात बारीक वळ्या, एकाबाहेर एक; आणि उरलेला भाग करडा, खडीसाखरेसारखा दाणेदार, स्वच्छ. करडा भाग आदल्या दिवशी तुटलेला. तांबूस भाग कित्येक महिन्यांपूर्वीचा. म्हणजे भेग बऱ्याच दिवसांची होती, हळूहळू आत सरकत होती, आणि त्या सगळ्या काळात आम्ही त्या कमानीवर पलंग, ओटा, पाणी घेऊन फिरत होतो.

शेतकऱ्यानं जॅकखाली घालायचा आमचाच लाकडी ठोकळा मागितला. चासी उचलून त्यानं तो एक्सल आणि चासीच्या मध्ये बसवला, कुंपणाच्या तारेनं आणि पट्ट्यानं आवळला. पाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करायला लावल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, तिथेच दीडशे किलो उतरले. पुढे मार्लाला जायचं सोडून आम्ही परत फिरलो. मारीपर्यंतचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर आम्ही तिसाच्या वेगानं आलो, दर अर्ध्या तासाला उतरून ठोकळा पाहत. त्या चाकाला आता कमान नव्हतीच. रस्ता जसाच्या तसा वर जात होता.

पोर्ट ऑगस्टाला पोचल्यावर मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, दुकान मुलगा बघतो. मी तुटलेला पाटा कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"मधोमध तुटलाय. यू-बोल्ट ढिलं असणार."

"मामा, ते आवळलेले होते, मी पाहिलं."

"आत्ता बघितलंस. पाटा घातल्यावर पुन्यांदा आवळलं हुतं का? नवा पाटा बसतो पोरी. रंग दबतो, माती दबती, मग बोल्टाला जागा हुती. शंभर किलोमीटर पळवायची आन् परत आवळायचं. न्हाईतर कमान मधनं वाकाया लागती, आन् मधी तर भोक हाय."

त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं, पण कमानीचं सगळं शास्त्र त्यात आहे. यू-बोल्ट पाट्यांचा मधला भाग एक्सलवर असा घट्ट धरतात की तो वाकतच नाही. वाकायचं ते दोन्ही हातांनी, मध्यापासून टोकांपर्यंत. बोल्ट सैल झाले की वाक मध्यावर येतो, जिथे भोकामुळे पोलाद आधीच कमी झालेलं असतं. ज्या कारखान्यानं तो सातवा पाटा घातला त्यानं नवे यू-बोल्टही वापरले नव्हते. जुनेच, एकदा ताणलेले, पुन्हा चढवले होते. ज्यानं हे केलं त्याला घर कुठे जाणार आहे हे माहीत नव्हतं, आणि घराला ते सांगता येत नव्हतं. मला त्याचा राग आला होता. अजूनही येतो.

आता नवं काय घालायचं हा प्रश्न होता, आणि त्यावर आम्ही आठवडाभर एका नदीकाठच्या मैदानात बसून विचार केला. माझी एक मावसबहीण इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहते, तिच्याकडेही कॅरव्हॅन आहे, एका एक्सलची, हलकी. तिच्या कॅरव्हॅनला पाटे नाहीत, कॉइल नाही. एक्सलच्या पोकळ नळीतच रबराच्या लांब कांड्या दाबून बसवलेल्या, आणि चाकाचा दांडा फिरला की ते रबर चेंगरतं. ग्रीस नाही, आवाज नाही, वजन कमी. डांबरी रस्त्यांच्या देशाला तेच योग्य. पण रबर म्हातारं होतं. वर्षानुवर्षं एकाच भाराखाली उभं राहून ते तसंच बसतं, आणि मग दुरुस्ती नसते, अख्खा एक्सल बदलावा लागतो. हिवाळ्यात कॅरव्हॅन उभी करताना ती चाकांवरचा भार काढून आधारावर ठेवते. पाटा मोडला तर रानात ठोकळा बांधता येतो. रबर संपलं तर काय बांधणार?

दुसरा पर्याय होता प्रत्येक चाक स्वतंत्र करण्याचा: मागे लांब दांडा, त्यावर कॉइल, सोबत शॉकॲब्सॉर्बर. या देशात खडतर वाटांवर जाणारे बरेच जण हल्ली तेच घेतात, आणि त्यात तथ्य आहे. एक चाक खड्ड्यात गेलं तरी जोडीदाराला त्याची वार्ता लागत नाही. पण ते महाग, वजनाला जास्त, आणि त्याला एक नवीन काळजी चिकटते: दांड्याचे बुश झिजले की चाकं किंचित तिरकी होतात आणि टायर आतल्या कडेनं खात जातात, बाहेरून चाळीस टक्के नक्षी दिसत असताना. चाकं सरळ करून घ्यायला यंत्र लागतं. आमच्या वाटेवर ते यंत्र कुठे असणार?

आम्ही पाटेच घेतले. यात माझ्या मामांचा वाटा किती आणि हिशोबाचा किती, मला वेगळं काढता येत नाही. पण हिशोबही केला. आधी वजनकाट्यावर गेलो, पाणी भरून, डाळ-तांदूळ भरून, अगदी मिसळणाच्या डब्यासकट. कॅरव्हॅनचं खरं वजन कागदावरच्या मर्यादेपेक्षा शंभर किलो कमी निघालं. जोडणीच्या गोळ्यावर किती भार येतो तेही पाहिलं, कारण तो एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावा असं इथे मानतात. फार कमी झाला तर मागचं घर शेपटीसारखं हलायला लागतं. मग तेवढ्याच वजनाची कमान घेतली, एक पाटाही वर नाही. कमान भाराखाली किती बसते यावर तिची लय ठरते. चार सेंटिमीटर बसणारी सेकंदाला अडीच वेळा हिंदकळते, सोळा सेंटिमीटर बसणारी सव्वा वेळा. सातव्या पाट्यानं आमच्या घराची लय चढवली होती, भरधाव. अकरा स्क्रू त्या लयीनं निघाले होते.

आधीच्या कमानींचं मागचं टोक नुसतं एका खोबणीत घसरायचं. स्वस्त आणि सुटसुटीत, पण घसरून घसरून खोबण खाल्ली जाते. आता दोन्ही टोकांना डोळा असलेली कमान, मागे झुलणारं शॅकल, आणि पिनांना ग्रीसचं निप्पल. पुढच्या आणि मागच्या कमानीच्या मध्ये एक दांडी असते, मधोमध चासीला टांगलेली. पुढचं चाक उचललं गेलं की दांडी कलते आणि भाराचा वाटा मागच्या चाकाकडे जातो. मामांना मी ती फोनवर दाखवली. "हा तराजूच की," ते म्हणाले, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. आणि चारही चाकांना शॉकॲब्सॉर्बर. पाटे एकमेकांवर घासतात त्या घासण्यानं उसळी थोडी मरते, म्हणून जुन्या कॅरव्हॅनींना शॉकॲब्सॉर्बर नसत. पण सेकंदाला बावीस वरंबे असताना थोडं मरून भागत नाही.

विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचा एक डॉक्टर-लेखक १८८५ मध्ये दोन घोड्यांची 'वाँडरर' नावाची गाडी घेऊन इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला गेला. हौसेखातर कॅरव्हॅनमध्ये राहण्याची सुरुवात त्याच्यापासून धरतात. घोडे चालीनं चालायचे आणि तो आपल्या घरात बसून जाऊ शकायचा. त्याचं घर हललं की तो हलत असणार. मोटार आली, वेग आला, आणि घर आणि घरमालक वेगळे झाले. मला वाटतं, कॅरव्हॅनच्या सगळ्या देखभालीचं मूळ या ताटातुटीत आहे. जे अंगाला कळत नाही ते हातानं जाऊन विचारावं लागतं.

म्हणून मी विचारते. प्रवासात रोज सकाळी, चहा उकळेपर्यंत, सतरंजी टाकून खाली जाते. धुरळा हा शत्रू वाटतो, पण तोच मला सगळं सांगतो. सगळीकडे सारखा लाल थर असेल तर काही हललेलं नाही. बोल्टाच्या डोक्याभोवती, पाट्यांच्या मध्ये, शॉकच्या खुंटीपाशी कुठे थर पुसला जाऊन धातू चकाकत असेल, तर तिथे काहीतरी हलतंय जे हलायला नको. तेलाचा ओला डाग असेल तर धुरळा तिथे काळा चिखल होऊन बसतो. चासीला जिथे कमानीचे कान जोडलेत तिथल्या वेल्डिंगवर मी नख फिरवते. भेग डोळ्याच्या आधी नखाला लागते. ब्रेकची वायर एक्सलवर घासतेय का पाहते. यू-बोल्ट पान्यानं तपासते, ठरलेल्या जोरानं, अंदाजानं नाही. नवी कमान घातल्यावर शंभर किलोमीटरनंतर रस्त्याच्या कडेला थांबून मी ते आवळले तेव्हा आठपैकी पाच बोल्टांनी पाव फेरा घेतला. मामांनी सांगितलेली जागा खरंच झाली होती.

दर सहा महिन्यांनी सुतळी काढते. जोडणीच्या गोळ्यापासून डाव्या एक्सलच्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत सुतळी ताणायची. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत. कुठलाही सेंटर बोल्ट तुटला आणि एक्सल कमानीवरून केसभर जरी सरकला तरी सुतळीत फरक पडतो. गावाकडे घराचा पाया आखताना गवंडी कर्ण मोजतो, तेच. वर्षाला एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला बेअरिंग उघडून धुऊन नवं ग्रीस भरतो. ते काम नवऱ्यानं घेतलं आहे आणि तो ते मन लावून करतो, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंग त्यात दाबत दाबत, दुसऱ्या बाजूनं ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत.

आणि टायर. टायरमधली हवा ही पहिली कमान आहे, हे लोक विसरतात. कच्च्या रस्त्याला लागताना आम्ही गाडीची आणि कॅरव्हॅनची हवा उतरवतो आणि वेगही उतरवतो. फक्त हवा उतरवून वेग तोच ठेवला तर टायर तापून फाटतो. डांबर लागलं की पुन्हा भरायची. सुरुवातीला हे थांबणं जिवावर यायचं. आता त्या वीस मिनिटांत मी विरजणाची बरणी टॉवेलात गुंडाळून सिंकमध्ये ठेवते.

२०२२च्या जूनमध्ये आम्ही पुन्हा मारीहून निघालो. या वेळी चाळिसाच्या वर गेलो नाही. मागून येणाऱ्या गाड्या धुरळ्याचे लोट उडवत पुढे जायच्या, त्यांना हात करायचा आणि जाऊ द्यायचं. कर्डीमुर्काच्या ओस पडलेल्या स्थानकापाशी थांबून दार उघडलं: फरशी स्वच्छ. कॉवर्ड स्प्रिंग्सला तो शेतकरी नव्हता, खजुराची झाडं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी विल्यम क्रीकच्या अलीकडे पन्हळींचा एक वाईट पट्टा लागला, दहा-बारा किलोमीटरचा. तो संपल्यावर नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली.

आत गेले, बरणी उघडली. दही लागलं होतं, अगदी कवडी नाही, वर थोडं पाणी, पण चमचा घातला तर कापा पडला. मी तिथेच उभ्या उभ्या दोन चमचे खाल्ले आणि नवऱ्याला हाक मारली.

मग खाली गेले. मामांनी शेवटच्या कॉलमध्ये एक गोष्ट सांगितली होती: शॉकॲब्सॉर्बर काम करतो म्हणजे तापतो, रस्त्याची उसळी तो तेलात जिरवून तिची उष्णता करतो. म्हणून खराब रस्त्यानंतर चारहींना हात लावायचा, तळवा नाही, हाताची मागची बाजू, आधी जवळ नेऊन मग टेकवायची, न्हाईतर भाजशील. जो चांगला तापला तो राबतोय. मी डाव्या पुढच्यापासून सुरुवात केली. धग बोटभर अंतरावरूनच लागली. डावा मागचा तसाच. बाहेर सरकून उजव्या बाजूला गेले, पुन्हा सतरंजी टाकली. उजवा पुढचा तापलेला.

उजवा मागचा गार होता. रस्त्याकडेच्या दगडाइतका गार. त्याच्या खालच्या बुशापाशी धुरळा काळा झाला होता. मी तळवा पूर्ण टेकवून पाहिला, मग नवऱ्याला सतरा नंबरचा पाना आणि टॉर्च द्यायला सांगितलं.